सरूची अर्धी बाटली

२ फेब्रुवारी
काल सरूचा सहासष्टावा वाढदिवस. "स्वानंदनं पाठवलीय" म्हणत तिनं वाईनची बाटली काढली आणि माझ्यासमोर पेलाभर प्याली! आयुष्यात पहिल्यांदा. वर म्हणते — "आता मलाही काढा घराबाहेर."
चार वर्षांमागं पोराच्या, स्वानंदच्या बॅगेत बाटली सापडली तेव्हा मी म्हणालो होतो — ह्या घरात दारू येणार न्हाई, अन् तूही येऊ नको. तो संभाजीनगरला गेला तो गेलाच. तासाभराचा रस्ता.
मी ताटावरून उठलो. ती बूच लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवत म्हणाली, "उरलेली तुम्ही दोघं मिळून संपवा."
आज पहाटे सरू गेली. झोपेतच.

३ फेब्रुवारी
काल दुपारी स्वानंदनं अग्नी दिला. उतरलाय त्याच्या आत्याकडे. "घरी थांब" म्हणायचं होतं. म्हणालो न्हाई.

४ फेब्रुवारी
रडू येत न्हाई. नुसता फ्रिज उघडून बघून राह्यलो.
मोबाईलवर वाचलं — उघडलेली वाईन चार-पाच दिवस टिकते. बियाण्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली. टिकवणं मला शिकवू नका! हवा नको, ऊब नको, उजेड नको. सरूच्या टॉनिकच्या दोन रिकाम्या बाटल्या उकळून वाळवल्या, वाईननं काठोकाठ भरल्या, झाकणं घट्ट. सवयीनं चिठ्ठी चिकटवली — उघडली : १ फेब्रु., सायं. ८.

६ फेब्रुवारी
कामाला येणारी बेबीनंदा — "काका, बाईंचं टॉनिक फेकून देऊ का आता?" अंगावर ओरडलो तिच्या. बिचारी.

९ फेब्रुवारी
वास घेतला. ठीक वाटला. चाखून बघावी? पण उगवण तपासायला घेतलेलं बी परत पोत्यात जात न्हाई. न्हाई चाखली.

११ फेब्रुवारी
दहावा. स्वानंद शेजारी बसलता. कानशिलावर पांढरे केस! कधी झाले?
"पाणी देऊ?"
"नको."
एवढंच बोलणं.

१४ फेब्रुवारी
तेरावा झाला. पाहुणे पांगले. स्वानंद पाया पडला, चपला घालायला लागला. फ्रिज चार पावलांवर. माझं तोंड उघडलंच न्हाई. कसला बाप मी!

१५ फेब्रुवारी
वास आंबूस येऊन राह्यला.

१६ फेब्रुवारी
सकाळीच फोन लावला. "तुझ्या आईनं आपल्या दोघांसाठी वाईन ठेवलीय. खराब होऊन राह्यली. जल्दी ये."
मंग म्हणाला, "घरी?"
"घरीच."

१७ फेब्रुवारी
स्वानंद आला. ओट्यावरची मूळ बाटली हातात घेऊन म्हणाला, "बाबा, ही मी न्हाई पाठवली."
दारूच्या दुकानावरून ऑटो गेला तरी पदर नाकाला लावणारी बाई. स्वतः दुकानात गेल्ती!
दोघांनी संपवली. पार आंबली होती.
मंग रडलो.