बॅटरीचं पाणी, वीस लिटर

१८ एप्रिल, सकाळ

डायरी मोटर कंपनीची, जानेवारीपासून दुकानात पडून. आजपासून वापरात. कुणी वाचायची नाही.

निश्चय: बीअर करायची. वीस लिटर.

कारण लिहून ठेवतो, पुढं घोळ नको. शिवप्रिया, आमची एकुलती एक, पुण्यात बीअर करायच्या कामाला आहे. ब्रुअर. मी कळंबात 'फूड प्रोसेसिंग' सांगतो, त्यात खोटं काही नाही. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात घरी आली तेव्हा मागच्या खोलीत तिनं बीअरचा वीस लिटरचा कॅन लावला होता. त्याच आठवड्यात तिला बघायला लातूरचे पाहुणे आले. घरभर वास. मी कॅन उचलला आणि मागच्या मोरीत ओतला. पाहुण्यांसमोर नाही. पण मोरीचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत गेला. पाहुणे 'बघतो, कळवतो' म्हणून उठले. पोरगी त्याच दुपारच्या एसटीनं गेली. त्यानंतर आली नाही. फोन आईला करते.

माफीचा प्रश्न नाही. बाप माफी मागत नसतो. ओतली तेवढी भरून द्यायची, विषय संपला.

१९ एप्रिल

तिचं सामान माळ्यावर होतं तसंच आहे. दोन कॅन, नळी, हिरव्या गोळ्यांचं पाकीट, तिच्या अक्षरातली वही. माल्ट आणि यीस्ट कुरिअरनं मागवलंच होतं. बायकोनं, जगदेवीनं, विचारलं, काय शिजवायलाव ओ? म्हणालो, व्हार्निश. म्हणाली, माझ्या पुरणाच्या पातेल्यात?

कॅनवर टेप लावून लिहिलं: बॅटरीचं पाणी. दुकानदाराच्या घरात ह्यावर कुणी शंका घेत नाही.

अडचण एकच. मला चाखता येत नाही. गळ्यात लिंग आहे. आजवर थेंब घेतला नाही, घेणार नाही. पण तीस वर्षं मोटरी रिवाइंड करतोय. बोअरमधली मोटर वर न काढता नुसता पाइपला कान लावून बेअरिंग गेलं का ते सांगतो. लोहाऱ्याहून लोक येतात माझ्या कानासाठी. बीअरही कानानंच करू.

२१ एप्रिल, सकाळी सहा

कॅनच्या नळीतून मिनिटाला बेचाळीस बुडबुडे. शिवप्रिया लहानपणी दुधात नळी घालून फुंकायची, हुबेहूब तसा आवाज. जगदेवी रागवायची, मी हसायचो.

मोजणीसाठी पाऊण तास बसलो. कामाचाच भाग.

२४ एप्रिल

पारा एकेचाळीस. वहीत लिहिलंय, थंड जागा. कॅनला ओलं पोतं गुंडाळलं आणि आमच्या खोलीतला कूलर तिकडं नेला. जगदेवी म्हणाली, माणसं घामानं निथळायलेत अन् बॅटरीच्या पाण्याला कूलर! तुमची बॅटरी एकदा तपासून घ्या. मी पोत्यावर अजून पाणी मारलं. कारागिरानं कामात बोलू नये.

२८ एप्रिल

बुडबुडे मिनिटाला एक. वहीप्रमाणे खालचा गाळ सोडून सगळं नळीनं दुसऱ्या कॅनमध्ये घेतलं. ह्याला सेकंडरी म्हणतात. पहिलं उकळणं-भांडणं झाल्यावर निवांत बसायची जागा. थोडं जमिनीवर सांडलं. फार नाही, दोन लिटर.

संध्याकाळी जगदेवीनं तिला फोनवर विचारलं, आंबे पिकाला लागलेत, येतीस का. शिवप्रिया म्हणाली, बघते.

दुकानात गिऱ्हाईक 'बघतो' म्हणालं की ते शेजारच्या दुकानात गेलं म्हणून समजावं. मी स्वतः उधारीवाल्याला 'बघू' म्हणतो. पण पोरगी गिऱ्हाईक नाही. पोरीचं 'बघते' म्हणजे रजा बघते.

३० एप्रिल, बसव जयंती

कॅनवर चादर टाकली. आजच्या दिवशी दिसायला नको.

मोठी बातमी. दुपारी जगदेवी रसासाठी मिक्सर लावून फोनवर बोलत होती. मी भिंतीपलीकडं. तो मिक्सर मीच दुरुस्त केलाय, त्याचा आवाज मला वजा करता येतो. शिवप्रिया स्पीकरवर. दोन शब्द स्वच्छ ऐकले: 'बेल', आणि मग 'विसाला'. त्यावर जगदेवी रडायला लागली. आनंदानं, हे उघड आहे.

म्हणजे वीस मेला पोरगी येणार. आणि बेल वाहणार. येडशीच्या रामलिंगाला लहानपणी मीच खांद्यावर न्यायचो, ते विसरली नाही.

माझ्यापासून लपवतायत, सरप्राइज देणार. द्या. माझंही सरप्राइज तयार आहे.

१ मे

वहीत पुढची पायरी: 'सेकंडरीत ड्राय हॉप, चार दिवस. हे चुकवायचं नाही!' खाली दोन रेघा.

हॉप म्हणजे त्या हिरव्या गोळ्या. जनावरांच्या गोळीपेंडीसारख्या दिसतात. पाकीट दोन वर्षांचं, दमट लागलं. म्हणून तर 'ड्राय'. गच्चीवर जगदेवीचं वाळवण चालू आहेच. उडदाच्या पापडांशेजारी साडीच्या तुकड्यावर गोळ्या पसरल्या. बेचाळीसचं ऊन. पुण्यात असं ऊन कुठं? ह्या एका बाबतीत तरी मी तिच्या पुढं.

चिमण्या आल्या, हुंगून गेल्या.

३ मे

तीन दिवसांत गोळ्या खडखडीत. वाजवून पाहिल्या. रंग मात्र हिरव्याचा पिवळा झाला. कॅनचं तोंड उघडून टाकायला घेतल्या आणि नेमका फोन वाजला. स्क्रीनवर शिवप्रिया. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या फोनवर.

हात भरलेले, तोंड उघडं. कॅनचं. कट केला.

नंतर करायचा विचार होता. पण बोललो असतो तर तोंडातून निघून गेलं असतं. सतरा दिवसांनी समोरासमोरच बोलू.

५ मे

पुन्हा फोन. उचलला नाही. सरप्राइज.

जगदेवी म्हणाली, तिचा फोन घ्या की ओ एकदा. म्हणालो, घाई काय आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पापड मोडला. हातात होता तोच.

७ मे

बाटल्या भरल्या, तेवीस. सोड्याच्या बाटल्या, बूच पक्कं. थोडी साखर घातली, आता आतल्या आत गॅस धरेल. तिसरा फोन आला. वाजू दिला. रिंगटोन चांगली आहे.

१५ मे

धुळाप्पाला एक बाटली दिली. दुकानाशेजारचा पंक्चरवाला, आठवड्याला दोनदा घेतो, म्हणजे तज्ज्ञ. उघडताना मी कान लावला: फस्स. एकदम बरोबर. धुळाप्पानं घोट घेतला, थांबला, अजून एक घेतला. म्हणाला, कल्याणप्पा, वाईट न्हाय. पर ह्याच्यात पापडखार घातलाव का?

त्याला उंची माल कळत नाही.

१९ मे

तयारी पूर्ण. दाढी केली. बोलायचं वाक्य ठरवलं: 'घे, तुझी वीस लिटर.' त्यात सगळं आलं. वीस भरत नाही, पण ती मोजणार नाही.

जगदेवी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलीय. जेवली नाही. उद्या दोघी पोटभर जेवतील.

२० मे, सकाळी

पुण्याच्या गाडीसाठी येडशी स्टेशन. कॅसरोलमध्ये बर्फ, बर्फात दोन बाटल्या. भोंगा वाजायच्या आधी रुळांवरून गाडी ऐकली. सात माणसं उतरली. सातही दुसऱ्यांची.

रामलिंगाला जाऊन आलो. बेल मीच वाहिला. मग कळंबच्या स्टँडवर दुपारपर्यंत पुण्याच्या चार एसट्या बघितल्या. बर्फाचं पाणी झालं.

२१ मे

जगदेवीनं विचारलं, काल दिवसभर कुठं होता? सांगितलं. शिवप्रिया विसाला येणार होती ना, मी ऐकलं होतं.

तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, विसाला न्हाय ओ. व्हिसा आला. बेल्जियमचा व्हिसा आला म्हणली ती. तिकडं बीअरच्या कामावर बोलावलंय. परवा विमानात बसली. अप्पाला मीच सांगणार म्हणून मला शपथ घातली होती. तीनदा फोन केला की तुम्हाला. एकदा घरी येऊ का, हेच विचारणार होती. तुम्ही हो म्हणला असता तर येणार होती.

मिक्सरचा आवाज वजा करायला गेलो, जास्तच वजा झालं.

२३ मे

बाटल्या बावीस. मोरीपाशी नेल्या. मागच्या वेळी मिनिटात ओतून झालं होतं. आज बूचही निघेना. परत ठेवल्या.

एका बाटलीचा फोटो काढून तिला पाठवला. खाली काय लिहावं सुचलं नाही. 'बॅटरीचं पाणी' लिहिलं.

२४ मे, दुपार

फोन आला. पहिल्या रिंगला उचलला.

आधी हसली. खूप हसली. गोळ्या वाळवल्या म्हटल्यावर म्हणाली, अप्पा, ड्राय म्हणजे वाळवायचं नसतं ओ. उकळताना घातलं की कडू होतं. सगळं उकळून, थंड होऊन गेल्यावर घातलं की कडू होत नाही, नुसता वास येतो. त्याला ड्राय म्हणतात. मी म्हणालो, म्हणजे उशिरा घातलं तरी चालतं? तिचं हसणं थांबलं. मग म्हणाली, चालतं. पण फार उशीर नाही.

ठरवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. 'तिकडं थंडी असेल, स्वेटर घेतलास का' असं विचारलं. घेतला म्हणाली.

मग विचारलं, येतीस कधी? तिच्यामागं कुणीतरी काचेचे ग्लास मांडत होतं, एक नळ गळत होता, वायसर गेलेलं. सगळं ऐकू येत होतं.

बघते, अप्पा, म्हणाली.

तीस वर्षं दुकान चालवतोय. ह्या वेळी ऐकण्यात चूक नाही.