यंत्र त्याचं, पत्ता त्याचा

१२ मार्च, रविवार दुपार

प्रिय बारक्या,

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. गेल्याच आठवड्यात फोनवर बोललो, तरी लिहिते आहे. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत.

बाबांची तब्येत ठीक आहे. डोकं फिरायची वेळ आली आहे ती माझी, आणि त्याला कारण तू. जाताना माळ्यावर टाकून गेलास तो खोका त्यांनी चार महिन्यांपूर्वी खाली काढला. मोजपट्टीचे तुकडे लावलेला तो अँटेना, लॅपटॉपला जोडायचा बोटाएवढा रिसीव्हर, सगळं. ज्याला बाबांनी 'भंगार' म्हटल्यावरून तुमचं वाजलं आणि दीड वर्षं दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नाही, तेच भंगार आता जेवायच्या टेबलावर असतं आणि आम्ही ताटं मांडीवर घेतो.

हवामान उपग्रह डोक्यावरून जाताना त्याचा आवाज पकडायचा, मग त्यातून ढगांचं चित्र उमटतं, हे तुला काय सांगायचं. बाबा लॅपटॉपपाशी, मी गच्चीवर अँटेना धरून, आणि खालून फोनवर हुकूम.

"डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे."

"बाबा, तुम्ही मला दिसत नाही आहात."

"मग दक्षिणेला धर."

"दक्षिण कुठली?"

"पाण्याच्या टाकीची."

शेजारीण कपडे वाळत घालता घालता विचारते, "आज तरी लागलं का काही?" ऑफिसात दोनदा बोलणी खाल्ली. चार महिने नुसती खरखर.

गुरुवारी वैतागून मी लॅपटॉपवरचा, उपग्रह कधी डोक्यावर येणार ते सांगणारा प्रोग्रॅम स्वतः उघडला. आपण कुठे आहोत ते भरायच्या रकान्यात तुझ्या शहराचे अक्षांश-रेखांश, आणि खाली तुझा घर नंबरसुद्धा. म्हणजे उपग्रह तुझ्या डोक्यावरून जायच्या वेळी मी इथे, अर्ध्या जगापलीकडे, रिकाम्या आकाशाला पट्ट्या दाखवत उभी.

"हे काय भरलंय बाबा?"

"यंत्र त्याचं आहे ना? वस्तू ज्याच्या नावावर, पत्ता त्याचा."

चौतीस वर्षं वाहन नोंदणीच्या खिडकीत बसलेला माणूस. मी कपाळावर हात मारणार होते, तेवढ्यात लक्षात आलं: तुझा पत्ता मी त्यांना कधी दिलाच नव्हता.

आता सरळ लिहिते. तू बाबांना पाठवलेलं पत्र चौदा महिन्यांपूर्वीच पोचलं होतं. त्यांना दवाखान्यातून आणून तेव्हा चार दिवस झाले होते. त्रास होईल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ते मी शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. पुढे ते बरे झाले, चालायला लागले, माझ्याशी भांडायलाही लागले. तरी मी दिलं नाही. तू फोनवर विचारायचास, "बाबा काही म्हणाले का?" मी म्हणायचे, "नाही." ते खोटं नव्हतं, हीच माझी चलाखी. तू गेलास आणि सगळं माझ्यावर पडलं. तुम्ही दोघं एका पत्रात गोड झालात, तर या घरात मी कोण, असं वाटायचं.

"तुम्हाला पत्र सापडलं होतं?" मी विचारलं.

"सुई शोधत होतो. पाकिटामागचा पत्ता तेवढा उतरवून घेतला."

"उघडलं का नाही?"

"दिलं कुठे होतं कुणी? म्हटलं, देईल तेव्हा उघडू."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

काल सकाळी ते पत्र त्यांच्या हातात दिलं. कडेने कात्री लावून उघडलं, वाचलं, घडी घालून पुन्हा वाचलं. तू काय लिहिलंयस ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला कळव, यंत्र घेऊन जा म्हणावं."

"पार्सलने पाठवू?"

"छे. मालकाने स्वतः हजर राहायचं असतं. दुसऱ्याच्या हाती देता येत नाही."

"कधीपर्यंत?"

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "मुदत नाही लिहायची," म्हणाले, "पण मी असेपर्यंत."

ये. मला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

तुझं पत्र अडवून ठेवलेली,
ताई