दंडाचा गूळ

तांडा, ता. आर्णी
१२ जुलै २०२४

ती. शीलाताईस,
धाकट्या जीवनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तांड्यात एकाचा फोन चौघं ऐकतात आणि वकीलबाईंनी पोरीचं नाव कुठंच येऊ देऊ नका म्हणून बजावलंय. पत्रातही लिहीत नाही.

कोर्टानं तिला अंतरिम भरपाई मंजूर केली, पण बबिता बँकेच्या कागदावर सही करत नाही. म्हणते, तांड्यात दंड घेतला का गूळ वाटतेत, गूळ खाल्ला का मिटलं. माह्या पोरीचं मले मिटवाचं नाही. तिचं तरी काय चुकलं? आजवर तसंच होत आलं. पोरगी दाराबाहेर येत नाही. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं तर पैसा लागतो. मी फार थकलो, ताई.

मायेची सावली राहू दे.
तुझा जीवन

यवतमाळ
१८ जुलै

चि. जीवन व सौ. बबितास अनेक आशीर्वाद.

बबिता, जीवन वाचून दाखवेल, पण हे तुलाच लिहिते. ही भरपाई सरकारची आहे, पूनमसिंगच्या घरची नाही. त्याचा मुलगा तुरुंगात आहे आणि पैसे घेतले तरी खटला थांबत नाही. सही कर. कोर्टाच्या तारखांना मीही विटले आहे गं. आणि जीवन, दर पत्रात थकलो लिहितोस. त्या घरात थकण्यात तुझा नंबर पोरगी आणि बबितानंतर तिसरा आहे, हे ध्यानात ठेव.

पोरीला घेऊन या. तिच्या आवडीचा गुळाचा चहा करीन.

जीव लावून असावे.
शीलाताई

तांडा
२ ऑगस्ट

ती. ताईस सा. नमस्कार.

बबितानं सही केली. पैसे आल्याचं कसं कोण जाणे फुटलं, आणि पूनमसिंगनं तांडाभर गूळ वाटला. दंड घेतला, मिटलं, असं सांगत फिरला. लोकांनी खाल्ला. आमच्याही उंबऱ्यावर पुडी ठेवून गेला. बबिता कपाळाला हात लावून बसली, म्हणाली, मी सांगतलं होतं.

पोरगी आतून ऐकत होती. उठली, पुडी उचलली आणि एकटी निघाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तांड्याचा प्रमुख अमरसिंग नायक, त्याच्या ओट्यावर सगळे बसले होते. पुडी त्यांच्यापुढं ठेवून म्हणाली की, मी खाल्ला नाही, मले कोर्टात सांगाचं हाय. कुणी वर पाहिलं नाही. मी मागंच होतो, ताई, पण पुढं ती होती.

सोमवारी तिघं येतो. तिच्या चहात साखरच घाल.

आम्हांला अंतर देऊ नकोस.
जीवन