लाल पट्टीची खाट

४ डिसेंबर १९७३, मंगळवार
दवाखान्यात तिसरा दिवस. घेरी येते म्हणून मुलाने नरखेडहून नागपूरला आणून भरती केले. घेरी फार नाही, खोली तेवढी फिरते. सतरा तारखेला बायकोचे, प्रयागचे, वर्षश्राद्ध. त्याआधी घरी जायचेच. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस न पडता चाललात तर सोडू. सदतीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून गणित शिकवले, एकदाही पडलो नाही.

५ डिसेंबर, सकाळी ९
वॉर्डात सगळे म्हातारे. पहाटे एक आजोबा खाटेवरून उतरताना घसरले. यापुढे इथे कोणालाही पडू द्यायचे नाही. वहीत तक्ता आखला. लांब धोतर, तीन मार्क. सैल स्लीपर, दोन. चष्मा उशाखाली विसरणे, एक. हाक न मारता उठणे, चार. जास्त मार्क तो पडणार. समोरचे चंपतराव, वय चौऱ्याऐंशी, संत्र्यांचे बागवाले: नऊ. मी: एक. चष्म्याचा.

६ डिसेंबर
तारा सिस्टरने माझ्या खाटेला लाल पट्टी बांधली. तक्ता पाहिला असावा. कारण विचारले नाही, मानाच्या गोष्टीत विचारू नये. शाळेत मॉनिटरला मीही लाल फीतच देत असे. चंपतरावांना पट्टी नाही. साहजिक आहे.

८ डिसेंबर
दोन राऊंड मारले. भिंत धरून. तेवढीच भिंतीचीही तपासणी. चंपतरावांना धोतर आखूड नेसायला सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बसा बरं. तुमाले पाहून मले चक्कर येऊन राहिली." चक्कर कबूल केली म्हणून नवाचे दहा केले.

९ डिसेंबर
प्रयाग न्हाणीत पडली त्याआधी तिने मला हाक मारली होती. मी "आलोच" म्हणालो आणि पेपरचे पान संपवले. हे तक्त्यात कुठेच बसत नाही.

११ डिसेंबर, दुपारी
उद्या सुटी. मुलाला पत्र टाकले, श्राद्धाला मीच बसणार.

तोच दिवस, संध्याकाळी
चंपतरावांनी न्हाणीतून हाक मारली. या वेळी "आलोच" म्हटले नाही, सरळ धावलो. धोतर पायात आले, स्लीपर सुटली. चष्मा उशाखाली होता. चंपतरावांना फक्त टॉवेल हवा होता. ओल्या अंगाने तेच धावत आले. "हलू नका जी गुरुजी, मी येऊन राहिलो." माझे डोके मांडीवर घेतले. मग म्हणाले, "लाल पट्टी असून काहून धावले? पडणाऱ्याच्याच खाटेले बांधतेत ते."
वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होते म्हणे.

१७ डिसेंबर, सोमवार
घोट्याला प्लास्टर. आणखी तीन आठवडे. श्राद्ध मुलाने घरी केले. चंपतरावांनी बागेतले संत्रे सोलून दिले, बिया काढून. तक्त्याचे पान फाडून त्यात सालं गुंडाळली.
दुपारी तहान लागली. तांब्या स्टुलावर, हात पोचेना. उठलो नाही. तारा सिस्टरला हाक मारली. ती वॉर्डाच्या त्या टोकाकडून "आलेच" म्हणाली.
खाटेची कड धरून पडून राहिलो.
ती आली.