उंबऱ्यातली फळी

शनिशिंगणापूर
३ मार्च १९९६

दीपाबाळ,

आईचा आशीर्वाद. नर्सिंगच्या परीक्षेची तारीख कळली. इकडे ठीक आहे. गहू सोंगून झाला, मळणीचं राधाकृष्ण भाऊजी बघतात. तुझ्या अण्णांचा फोटो मोठा करून आणला.

एक सांगायचं होतं. टिक्या चार दिवस झाले दिसत नाही. तू रडू नकोस. अण्णा गेल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतंच. शेजारची राहीबाई रोज ओट्यावर येऊन हळहळते. काल म्हणाली, "शिंगणापुरातून कुत्रं कोन नेईल गं? हितं चमचा उचलायची कुनाची छाती न्हाई. ज्यानं नेलं आसंल त्याला साडेसाती लागंल!" मी चहा ठेवायला आत गेले.

टिक्या होता तोवर बाहेरचं कुत्रं घरात शिरत नव्हतं. आता कुत्री शिरतात. आपल्या गावात दारं नाहीत, म्हणून लोक लावतात तशी मीही उंबऱ्यात फळी आडवी लावते.

परीक्षा सोडून येऊ नकोस.

तुझी
आई

२४ मार्च १९९६

दीपा,

टिक्या आला.

तुझं पत्र परवाच आलं. जेवण जात नाही, परीक्षा राहू दे, मी शोधायला येते, असं तू लिहिलंस. म्हणून हे आधी लिहिलं. पुढचं एसटीडी बूथवरून सांगता आलं असतं, पण तिथे चार माणसं ऐकत उभी असतात.

काल सकाळी मी धान्य पाखडत होते. वर बघितलं तर फळीबाहेर टिक्या. नुसती हाडं. पायांचे तळवे सोललेले. फळी गुडघ्याएवढी, त्यानं एका उडीत ओलांडली असती. ओलांडली नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. माझ्या हातून सूप सुटलं, गहू घरभर झाले.

आवाजानं राहीबाई आली. त्याच्या गळ्यात कुरतडलेली चिंधी लोंबत होती. तिनं ती हातात धरली. "आगं, ह्यो तर तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ हाय!" तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "म्हंजी मी इतकं दिस साडेसाती लावीत हुते ती तुला व्हय?" हसायला गेली, पण हसली नाही. उठून घरी गेली.

दीपा, टिक्या हरवला नव्हता. गोरक्ष टेम्पोतून सुप्याच्या कारखान्यात माल नेतो, त्याच्याकडे मीच दिला. तिथल्या वॉचमनला दे म्हटलं. बांधायला दोर सापडेना म्हणून जुन्या लुगड्याचा काठ फाडला. सुपा नगरच्याही पलीकडे. मधे अख्खं शहर, ट्रकांचा रस्ता. पंचवीस दिवस तो कसा चालला असेल, माझं डोकं चालत नाही.

तू विचारशील, का दिला. अण्णा गेले तेव्हा, जानेवारीतही तुझ्या प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं नव्हतं. "टिक्या अण्णांची पाठ सोडत नाही, मग त्या दिवशी तो घरी कसा?" असं तू दोनदा विचारलंस. मी म्हटलं, कंटाळून आला असेल.

भोगीचा दिवस होता. मी तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होते. टिक्या मळ्यातून धावत आला, पदर दातात धरून ओढायला लागला. भाकरीसाठी हपापला असं वाटलं. मी चिमटा मारला. तो गेला आणि परत आला, परत ओढायला लागला. तेव्हा मी त्याला खांबाला बांधून टाकलं. तासाभरानं शेजारच्या मळ्यातला सूर्यभान पळत आला, "वहिनी, अण्णा हिरीपाशी पडल्यात!" डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.

त्यानंतर टिक्या रोज भाकरीच्या वेळेला यायचा आणि पदर ओढायचा. रोज. किराणाच्या पुड्यांच्या कागदांवरून मी माझी मी वाचायला शिकले, सगळे कौतुक करतात. पण तो काय सांगत होता, ते मला वेळेवर वाचता आलं नाही. मग रोज तेच वाचावं लागायचं. सहन होईना म्हणून त्याला घालवला.

काल त्याला दूध पाजलं, तळव्यांना हळद-तेल लावलं. दुपारी मी चूल पेटवली तसा तो लंगडत उठला आणि पदर धरला. तव्यावर भाकरी होती. तशीच टाकली आणि त्याच्यामागं गेले. तो विहिरीवर गेला, अण्णा पडले तिथे पाइपाजवळ बसला. मीही बसले. त्या दिवसानंतर मी मळ्यात पाय ठेवला नव्हता. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच होतो. घरी आले तर भाकरीचा कोळसा झालेला.

फळी काढून गोठ्यात टाकली आहे. परीक्षा दे आणि ये. माझ्याशी बोलायचं नसलं तर टिक्यासाठी ये.

भोगीच्या दिवशी चुलीपुढून न उठलेली,
तुझी आई