चिमट्यांची टोपली

दादा,

बाबांना न्यायला गाडी घेऊन कधी येऊ, असं तू रोज विचारतोस आणि मी रोज सांगते, पिल्लं उडू देत. मागच्या दारी कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत बुलबुलांनी घरटं केलं, तेव्हा बाबाच म्हणाले होते, "ती उडाली की निघू." त्यांना दिसत नाही, म्हणून खिडकीशी बसवून मी सगळं सांगायचे.

फोनवर छाती झाली नाही, इथे लिहिते. पिल्लं सोमवारीच उडाली. एक तारखेला मला नव्या कामावर हजर व्हायचंय, बॅग भरलेली आहे. तरी बाबांनी "उडाली का गं?" विचारलं की जीभ रेटत नाही. चार दिवस मी त्यांना सांगताना रिकाम्या टोपलीत अळ्या भरवतेय.

आज चहा पिताना ते म्हणाले, "हल्ली आवाज येत नाही." मग हळूच म्हणाले, "बुलबुल पुन्हा अंडी घालतात म्हणे. बघ जरा."

मी जाऊन पाहिलं. नुसत्या वाळक्या काड्या होत्या.

आत येऊन म्हटलं, "आहे बाबा. एक आहे."

हे पत्र काही टाकायची नाही मी.

तुझी,
धाकटी