परड्यात सुतक पाळू नये

मी, बयाबाई कृष्णात चौगुले, वय एकाहत्तर, राहणार कागल, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. पोटातली गाठ अजून तिथवर पोचलेली नाही. कोणाचं दडपण नाही. घाई मात्र आहे, कारण पावसाळ्याचं विचारलं तर डॉक्टर विषय बदलतात.

राहतं घर माझ्या पश्चात मुलगा धैर्यशील याला. बोरमाळ मुलगी क्रांती हिला. तिनं ती मोडू नये. मोडलीच तर मला कळणार नाही, एवढंच.

आता घरामागचं परडं. तेही माझ्याच नावावर आहे आणि ते मी धैर्यशीलला देत नाही. मी दवाखान्यात असताना त्यानं ज्ञानू गवंड्याला बोलावून जागा मापली. मला म्हणाला, "आई, भाजी आता मोबाईलवर दारात येती की. तुझ्या माघारी हितं गाडी लावायची हाय." बाळा, महापुरात हायवे बंद पडला तेव्हा तुझा मोबाईल काय शिजवून घालत होता? सगळी गल्ली आपल्या दोडक्यावर आणि अळूवर जेवली. त्याच ज्ञानूला मी साक्षीला बसवणार आहे. इथं सही केलेल्या हातानं तो तिथं काँक्रीट ओतणार नाही.

परडं सून निशिगंधा हिला. होय, तिलाच. तिनं चाकवताचा अख्खा वाफा गवत समजून उपटला होता आणि मी तिला गल्ली ऐकेल असं बोलले होते. दुसऱ्या दिवशी हातात एक रोप धरून तीच आली, "आत्ती, ह्येला वळखायचं कसं?" या घरात विचारणारी ती एकटीच.

निशिगंधा, एक वाफा काढणीला आला की दुसरा पेरलेला पाहिजे, म्हणजे बाजाराची पिशवी लागत नाही. अक्षय तृतीयेला मांडवाखाली आळी कर, दोडका आणि वरण्याच्या शेंगांचा वेल लाव. दिवाळीच्या पुढं मेथी, मुळा, चाकवत. उन्हाळा अवघड; तेव्हा गवारी, शेवगा आणि माळ्यावर साठवलेला तांबडा भोपळा. वांगी-मिरचीला पाणी रोज. चुकलं तरी चालेल, पण सोडू नकोस. बाई, मी हात जोडते, सोडू नकोस.

माझे मालक वारले तेव्हा ऐन वैशाख होता आणि सुतकात कोणी परड्यात पाऊल टाकलं नाही. माझ्या आईकडून आलेलं काटेरी वांगं मुळापासून वाळलं. त्याचं बी पुन्हा कुठेच मिळालं नाही. मी नवऱ्यासाठी रडले आणि वांग्यासाठीही रडले, पण ते दुसरं रडणं कोणाला सांगता आलं नाही. म्हणून स्पष्ट लिहिते: माझं सुतक घरात पाळा, परड्यात नको. मला पोचवून आलात की आंघोळ करा आणि वांग्यांना पाणी घाला.

रक्षाविसर्जनाला राख नदीत सोडू नये. कीड लागू नये म्हणून बी राखेत घोळून गाडग्यात ठेवतात, हे मी निशिगंधाला दाखवलं आहे. पण घरात गॅस आल्यापासून चूल नाही, राख आणणार कुठून? माझी घ्या. गाडग्यातलं सगळं बी माझ्या राखेत घोळून ठेवा. मग धैर्यशील, ते गाडगं उचलून बाहेर टाकायला तुझा हात उठतो का, बघू.

लिहून ठेवणार: बयाबाई कृष्णात चौगुले (सही)
साक्षीदार: हंबीरराव मगदूम, शेजारी (सही)
ज्ञानू कुंभार, गवंडी (सही)
कागल, १७ एप्रिल २०२५